काळी रिंग म्हणजे नायट्राइलच असं नाही

ओ-रिंगांवरच्या (सांध्यातून गळती होऊ नये म्हणून खाचेत बसवायच्या रबरी कड्या) लेखात ‘गरम जागी ईपीडीएम लावा’, म्हणजे त्या कृत्रिम रबराची रिंग लावा, एवढंच सांगून सोडलंय, ते अर्धवट आहे. वाफ, गरम पाणी, ऊन-पाऊस याला ईपीडीएम उत्तमच. पण खनिज तेल लागलं की फुगलंच. रबाळे एमआयडीसीत आमच्या स्टोअरमधून हायड्रॉलिक पॉवरपॅकला (दाबाखाली तेल पुरवणाऱ्या पंप-संचाला) चुकून ईपीडीएमचीच ओ-रिंग गेली. दिसायला नायट्राइल या तेलात चालणाऱ्या रबरासारखीच काळी! काही दिवसांत गळती. उघडलं तर रिंग खाचेबाहेर आलेली, भिजलेल्या पावासारखी लिबलिबीत. तेलात साधारण १०० अंशांपर्यंत नायट्राइल चालतं, त्यापुढे व्हायटॉन हे जास्त उष्णता सोसणारं रबर. तेही महाग, आणि एमईके किंवा अ‍ॅसिटोन यांसारखा विद्रावक असेल तर कुचकामी. आता आम्ही नवीन लॉटमधली एक रिंग दोन दिवस त्याच तेलात बुडवून, फुगली का ते व्हर्नियरने मोजतो, मगच बाकीच्या रिंगा स्टोअरमध्ये जातात.