‘पाऊस पडला म्हणून तळी भरली, त्यात विद्यापीठाचं काय?’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

शिवाजी विद्यापीठाचा कॅम्पस आणि शाश्वत विकास ध्येयं (संयुक्त राष्ट्रांनी जगासाठी ठरवलेली विकासाची उद्दिष्टं) यावर मागच्या आठवड्यात मी जो लेख टाकला, त्याखाली ‘रोखठोक’ या नावाने एक लांबलचक प्रतिक्रिया आलीये. ज्यांनी वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. लेख म्हणजे विद्यापीठाचं माहितीपत्रक आहे, हे सगळं नॅक (कॉलेज-विद्यापीठांना दर्जा देणारी संस्था) आणि रँकिंगसाठी चाललेलं नाटक आहे, कुंपणाबाहेरच्या गावांना याचा काय उपयोग, विद्यापीठांमध्ये कंत्राटावर झाडलोट करणाऱ्या बायकांना पगार किती मिळतो ते लिहा आधी, वसतिगृहाच्या मेसमधल्या उरलेल्या अन्नाचं काय, आणि शेवटी हे वाक्य: ‘पाऊस पडला म्हणून तळी भरली, त्यात विद्यापीठाचं काय कर्तृत्व? एसीत बसून असले लेख लिहायला काय जातंय.’

साहेब (की बाई? नाव लपवल्यावर कळणार कसं), पहिलं म्हणजे माझ्या घरी एसी नाही. पंखा आहे आणि तोही आवाज करतो. पण मुद्दा पंख्याचा नाही. तुम्ही मला ओळखत नाही, मी तुम्हाला ओळखत नाही, आणि तरीही पहिल्याच वाक्यात ‘माहितीपत्रक’, दुसऱ्यात ‘नाटक’, तिसऱ्यात ‘असले लेख’. टीका करा ना, कोण नाही म्हणतंय. याच ब्लॉगवर उसाच्या लेखाखाली लोकांनी मला सोलून काढलंय, त्यांना मी नीट उत्तरं दिलीत. पण त्यांच्या बोलण्याला एक रीत होती. दारात चपला काढून आत येणारा माणूस आणि दाराला लाथ मारून येणारा माणूस, दोघांनाही चहा सारखाच मिळेल असं समजू नका.

एक गोष्ट मान्य करतो. ‘हरित’ हा शब्द मी लेखात फार वेळा वापरलाय, वाचताना मलाच कंटाळा आला. ते तुमचं बरोबर. चला, पुढे.

आता पावसाचं वाक्य, कारण मला खरा राग त्याचा आलाय. मी शाहूवाडीकडचा. आमच्या वाडीवर जून ते सप्टेंबर इतका पाऊस की शाळेत जाताना इरलं घेतलं तरी दप्तर भिजायचं, आणि त्याच वाडीवर एप्रिलमध्ये आई पहाटे उठून झऱ्यावर वाटीवाटीने हंडा भरत बसायची. पाऊस पडला की तळी भरतात हे ज्याला वाटतं ना, त्याने उन्हाळ्यात वाडी बघितलेली नाही एवढंच मी म्हणेन. कोकणात तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आणि एप्रिल-मे मध्ये तिथे टँकर फिरतात. पार मेघालयातल्या चेरापुंजीलाही हिवाळा-उन्हाळ्यात पाण्याची ओरड असते. पडलेलं पाणी थांबवायला कुणीतरी काहीतरी करावं लागतं राव, ते आपोआप थांबत नाही.

हिशोबच करू. विद्यापीठाची जागा ८५३ एकर. एक एकरावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे साधारण चार हजार लिटर. कोल्हापुरात वर्षाला ढोबळ हजार मिलिमीटर धरा, म्हणजे एकरी चाळीस लाख लिटर, आणि सगळ्या कॅम्पसवर मिळून ३४० कोटी लिटरच्या वर. यातलं बरंचसं बाष्प होऊन उडतं, झाडं पितात, आणि जमीन उघडी असेल तर उरलेलं उताराने वाहून जातं. विद्यापीठ ज्या सागरमाळावर आहे त्याचं नावच माळ आहे, तिथे मुरमाड उतार, पाणी कशाला थांबतंय. १९६२ ला विद्यापीठ स्थापन झालं त्यानंतरचे जुने फोटो बघा, इमारत आणि भोवती बोडका माळ. आज तिथे जी झाडी आहे, भाषा भवनाजवळचं तळं, संगीत विभागाजवळचं तळं, विहिरी, हे सगळं पावसाने आणून ठेवलं का? चर मारावे लागले, बांध घालावे लागले, गाळ काढावा लागला, आणि नुसता एकदा काढून भागत नाही, तो परत साचतो आणि परत काढावा लागतो. अलीकडच्या वर्षांत ‘जलयुक्त विद्यापीठ’ म्हणून जे काम झालं ते याच कामाचा पुढचा टप्पा.

आणि हे मी कागद वाचून नाही सांगत. मी ‘कमवा आणि शिका’चा विद्यार्थी. कर्मवीर भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्थेत काम करून शिकायची जी पद्धत रुजवली त्यावर आमच्यासारखी कित्येक पोरं एमए झाली. सकाळी बागेत काम, मग लेक्चर. मी रोपांच्या भोवती आळी केलीत, मे महिन्यात पाइप ओढत फिरलोय, हाताला घट्टे पडलेत. त्या झाडांमधली काही आता माझ्या कंबरेपेक्षा जाड आहेत (कंबरही कमी नाही आता, ते सोडा). तेव्हा ‘काय जातंय’ हे मला विचारू नका. माझं गेलंय. तुम्ही एखादं झाड लावलंय का, हा माझा साधा प्रश्न आहे, उत्तर नसेल तर नका देऊ.

कुंपणाबाहेर काय उपयोग, असं विचारलंय. ऑगस्ट २०१९ चा महापूर आठवतो का? राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट, पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. शिंगणापूर, बालिंगा, नागदेववाडी, सगळी उपसा केंद्रं बुडाली. सगळीकडे पाणीच पाणी आणि नळाला थेंब नाही. तेव्हा शहराला पाणी द्यायला जी ठिकाणं पुढे आली त्यात विद्यापीठ होतं, माळावर उंच असल्यामुळे पुरापासून लांब आणि स्वतःचं पाणी साठवलेलं असल्यामुळे. माझी मावशी शुक्रवार पेठेत राहते, चार मजली बिल्डिंग, खाली पाणी, टाकी रिकामी, त्या दिवसांत टँकरच्या पाण्याची किंमत काय होती ते तिला विचारा. त्या आठवड्यात ते पाणी कुणाच्या कर्तृत्वाचं आहे असं कुणी विचारत नव्हतं, कळश्या पुढे करत होते.

आणि फक्त कोल्हापूरच कशाला. दापोलीच्या कृषी विद्यापीठाचं कोकण जलकुंड बघा, आंबा-काजूच्या कलमांजवळ खड्डा घ्यायचा, आत प्लॅस्टिक अंथरायचं, पाणी साठवायचं आणि उन्हाळ्यात तेच हाताने कलमांना घालायचं. गरीब शेतकऱ्याला परवडतं. ओढ्यावरचा कोकण विजय बंधारा त्यांचाच. हे कॅम्पसवरचं ज्ञान बाहेर गेलं की नाही? गेलं. संयुक्त राष्ट्रांनी १७ ध्येयं २०१५ ला मंजूर केली, त्याच्या कितीतरी आधी आपल्याकडची विद्यापीठं असल्या कामात आहेत. एनएसएस (राष्ट्रीय सेवा योजना) १९६९ पासून आहे, आमच्या सात दिवसांच्या शिबिरात आम्ही एका गावात दगडमातीचा बंधारा घातला होता, तेव्हा शाश्वत विकास ध्येय हा शब्दही कुणी ऐकला नव्हता. सरपंचांनी शेवटच्या दिवशी झुणका-भाकर घातली, बास.

रँकिंगचं म्हणाल तर, हो, नॅकच्या सातव्या निकषात पर्यावरणाला मार्क आहेत, फायली होतात, फोटो काढले जातात. टाइम्स हायर एज्युकेशन या ब्रिटिश नियतकालिकाचं, विद्यापीठांच्या या ध्येयांवरच्या कामाचं इम्पॅक्ट रँकिंग २०१९ पासून निघतं, त्यात सतरावं ध्येय (भागीदारीचं) सक्तीचं आणि बाकीच्यांतली ज्यात मार्क चांगले पडतील ती तीन धरतात. म्हणजे आपापली बरी बाजू पुढे करायला वाव आहे, मी काही आंधळा नाही. पण मार्क मिळतात म्हणून तळ्यातलं पाणी खोटं ठरतं का? परीक्षेसाठी अभ्यास केला म्हणून पोराला काहीच येत नाही असं म्हणणार का तुम्ही?

कंत्राटी बायकांच्या पगाराचं. तो विषय वेगळा आहे, माझा लेख मुख्यतः पाण्यावर होता. हां, आठवं ध्येय चांगल्या रोजगाराचं आहे हे मलाही माहितीये, तुम्ही शिकवायची गरज नाही. एका लेखात सतराच्या सतरा ध्येयं कोंबली असती तर ‘पसारा मांडलाय’ म्हणून तुम्हीच ओरडला असतात. आणि वसतिगृहातल्या मेसच्या उरलेल्या अन्नाचं जे लिहिलंय त्यावर मी काय बोलणार, मेस मी चालवत नाही.

शेवटी एवढंच, तुमची दुसरी प्रतिक्रिया मी मंजूर केलीये, ती सगळ्यांना दिसतेय. तिसरी केली नाही, कारण तिच्यात माझ्या गावाबद्दल जे लिहिलंय ते मला इथे नकोय. त्यातलं ते वाक्य काढून परत पाठवलीत तर लावतो. सौर पॅनलबद्दल दुसऱ्या एका वाचकाने फार सभ्यपणे विचारलंय, त्यांना उद्या सवडीने लिहितो, आज या उत्तरातच रात्रीचे बारा वाजले.