बंबाचा भोंगा भलत्यांच्या गाडीवर

गेल्या मंगळवारी संध्याकाळी लालबागला सिग्नलवर आगीचा बंब अडकला होता आणि मी पदपथावरून ते पाहत होतो. चालकाने आधी भोंग्याचा लांब, सावकाश चढणारा-उतरणारा सूर लावला, मग घाईचा तुटक सूर लावला, शेवटी एअर हॉर्न दाबून धरला, तरी पुढची पांढरी मोठी गाडी जागची हलेना. चालकाशेजारच्या जवानाने खिडकीतून अर्धे अंग बाहेर काढून दाराच्या पत्र्यावर तळहाताने थापा मारल्या. डावीकडे एक बस जाईल एवढी जागा रिकामी होती. गाडीतल्या गृहस्थांनी एकदा आरशात पाहिले आणि पुन्हा मोबाइलमध्ये मान घातली. सिग्नल सुटल्यावरच ती गाडी निघाली, आणि पुढे रिक्षा आडवी येताच तिच्या जाळीमागून जो आवाज निघाला तो ऐकून माझे डोके फिरले, कारण त्या खासगी गाडीलाही भोंगा बसवलेला होता आणि त्याचा सूर हुबेहूब बंबाचा होता.

मला लहानपणापासून बंबांचे वेड आहे, हे घरच्यांना आणि मित्रांना ठाऊक आहे. परळच्या चाळीत वाढलेल्या माणसाला भोंग्यांचा कान असणे यात नवल काही नाही. माझी आजी घड्याळाकडे न पाहता कोणत्या गिरणीचा भोंगा झाला आणि कोणती पाळी सुटली ते सांगत असे. त्याच कानांना बंबाची पितळी घंटा ओळखता येत असे. टणटण असा एकसारखा ठोका लांबून जवळ येऊ लागला की मुले गॅलरीत धावत, रस्त्यावरचा हातगाडीवाला कुणी सांगायची वाट न पाहता गाडी कडेला घेई, आणि मोठी माणसे आगीची वर्दी कुठली असेल याचा अंदाज बांधत. त्या घंटेचा अर्थ एकच होता, त्यात कुणाचा वाटा नव्हता.

आज बंबावर जो इलेक्ट्रॉनिक भोंगा असतो, तोच रुग्णवाहिकेवर, तोच पोलिसांच्या गाडीवर, तोच पुढाऱ्यांच्या ताफ्यावर असतो आणि तोच बाजारात कुणालाही विकत मिळतो. गाड्यांचे सुटे सामान विकणाऱ्या एका दुकानात मी मुद्दाम जाऊन विचारले. दुकानदाराने काउंटरवर डबा ठेवला, बॅटरीला दोन वायरी लावल्या आणि एकामागून एक सगळे सूर वाजवून दाखवले, वर माइकही मिळेल म्हणाला. गाडी कुठली, कागदपत्रे काय, कशासाठी हवा, यातले काहीही त्याने विचारले नाही.

केंद्रीय मोटार वाहन नियमांतला 119 वा नियम वेगवेगळे सूर ओळीने काढणारा हॉर्न सामान्य वाहनाला मनाई करतो आणि रुग्णवाहिका, अग्निशमन व तत्सम गाड्यांना तेवढी सूट देतो. 2019 च्या दुरुस्तीने आलेले कलम 194-ई सांगते की अशा गाडीला वाट न देणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकते. कायदा असा चोख आहे, आणि भर रस्त्यात तो मोडणाऱ्याला चौकातला हवालदार अडवत नाही, कारण आत कोण बसले असेल याची त्यालाच धास्ती असते. 2017 च्या मे महिन्यात मंत्र्यासंत्र्यांच्या गाड्यांवरचे लाल दिवे उतरले तेव्हा मला मनापासून आनंद झाला होता. दिवा गेला खरा, पण त्याची हौस भोंग्यावर भागवली जाऊ लागली.

याचा परिणाम काय होतो तो लांडग्याची गोष्ट ऐकलेल्या कुठल्याही पोराला कळेल. दिवसातून दहा वेळा भोंगा ऐकून मागे वळावे आणि दहाही वेळा कुणाच्या तरी भाच्याची गाडी निघावी, मग अकराव्या वेळी खरा बंब मागे असला तरी कोण कशाला स्टिअरिंग वळवेल? आधीच काचा बंद, एसी चालू, गाणी लावलेली, अशा गाडीत भोंग्याचा आवाज फार थोडा शिरतो, आणि इलेक्ट्रॉनिक सूर नेमका कोणत्या दिशेने येतो हे कानाला चटकन उमगत नाही. म्हणून अमेरिकेत अनेक बंबांच्या नाकावर अजूनही क्यू-टू-बी नावाचा यांत्रिक भोंगा असतो. आत चकती फिरते, आवाज पोटातून वर चढतो आणि बटण सोडल्यावरही बराच वेळ घरंगळत राहतो. माझ्या मते त्याच्या तोडीचे काही झालेले नाही, आणि इलेक्ट्रॉनिक भोंग्यावर समाधान मानणाऱ्या माझ्या मित्रांशी यावरून मी तासन्तास भांडलो आहे. जर्मनीतल्या मार्टिनहॉर्नमध्ये हवेच्या दाबावर दोनच स्वर आलटूनपालटून वाजतात आणि त्यांतले अंतर आपल्या सा-मचे असते. जपानी बंब आगीच्या वर्दीवर निघाला की भोंग्याच्या जोडीला घंटा वाजवतो, त्यामुळे ही रुग्णवाहिका नव्हे, कुठेतरी आग लागली आहे, हे डोळे मिटूनही समजते. आपली घंटा मात्र आपण बाद केली आणि तिच्या जागी सगळ्यांसाठी मिळून एकच डबा आणला.

2021 मध्ये केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांनी नाशिकच्या कार्यक्रमात रुग्णवाहिका आणि पोलिसांच्या गाड्यांचे कर्कश भोंगे बदलून आकाशवाणीच्या धूनसारखे कानाला गोड काही लावावे, असा विचार मांडला होता. वॉल्टर कॉफमन यांची ती धून ऐकत मी वाढलो, आजही ती लागली की पहाट डोळ्यांसमोर उभी राहते. पण ती बंबावर कधीही येऊ नये असेच मी म्हणेन. झोपेतल्या चालकाला दचकवून कडेला घेणे हे भोंग्याचे काम आहे, आणि शहराचे कान ज्यांनी किटवले ते खासगी भोंगे आधी उपटून काढले पाहिजेत. त्यांना हात लावायचा नाही आणि बंबालाच गळा बदलायला सांगायचे, हा उफराटा न्याय झाला.

मुंबईच्या अग्निशमन दलाकडे 90 मीटरपर्यंत पोहोचणारी शिडी आहे. ती पहिल्यांदा उभी राहिलेली पाहिली तेव्हा माझी मान दुखेपर्यंत मी वर बघत होतो. अशी अजस्र गाडी केंद्रातून निघून इमारतीच्या फाटकापर्यंतच पोहोचली नाही तर त्या 90 मीटरांचा काय उपयोग? चिंचोळ्या गल्ल्यांसाठी जपानमध्ये 660 सीसीच्या इंजिनाचे इवलेसे बंब आहेत. गिरगावच्या वाड्यांसाठी मला ते फार आवडतात, पण दुतर्फा दुचाक्या आणि आडवी लावलेली गाडी यांच्यामधून तेही जाणार नाहीत. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी ही म्हण लोक बंबवाल्यांना ऐकवतात, तेव्हा मला संताप येतो, कारण सोमेश्वरी त्यांना आपण अडवून धरलेले असते.

14 एप्रिल 1944 रोजी व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टिकिन जहाजाचा स्फोट झाला आणि आग विझवायला गेलेले दलाचे 66 जण प्राणाला मुकले. त्यांच्या स्मरणार्थ दर वर्षी त्या दिवसापासून देशभर अग्निशमन सेवा सप्ताह पाळला जातो. बंबाचा आवाज ही त्या माणसांची मिळकत आहे. टोलनाक्यावर रांग मोडण्यासाठी आणि लग्नाला उशीर झाला म्हणून तो आवाज वापरणाऱ्याची गाडी जप्तच व्हायला हवी, केवळ दंडाने त्याचे काही बिघडत नाही.

काल रात्री पावणेबाराला पुन्हा भोंगा ऐकू आला, लांब सूर, मग तुटका सूर. समोरच्या इमारतीत माझी वहिनी एकटी राहते, म्हणून मी अनवाणी गॅलरीत धावलो. खाली फुलांनी सजवलेली नवरदेवाची गाडी उभी होती, पोरे तिच्या बॉनेटभोवती नाचत होती आणि आत बसलेला चालक भोंग्याचे सूर बदलून त्यांना ताल देत होता.