स्लॅबवरचा पत्रा

गेल्या आठवड्यात काकीने चौथऱ्यावर उभं राहून व्हिडिओ कॉल केला. गुहागर तालुक्यातली आमची वाडी. मागे चिरे रचलेले, ताज्या जांभ्याचा तांबूस रंग फोनमध्येसुद्धा कळत होता. सरकारी घरकुल योजनेचा पहिला हप्ता जमा झालाय, भिंती चिऱ्याच्या ठरल्यात. वाद उरलाय तो छपराचा. वाडीच्या ग्रुपवर चार दिवस तोच विषय चाललाय : कौल, पत्रा की स्लॅब? मी मस्कतहून लिहिलं, "काकी, कौलं घाल. घर गार राहील, सिमेंटही वाचेल." तिचा निरोप लगेच आला : "कौलं घालते, पण वांदर आले की हाकलायला तू येणार हायस काय मस्कतावरनं?" त्याखाली तिच्या मुलाने मुंबईहून लिहिलं, "पर्यावरण गरिबानेच का सांभाळायचं? दादा, तुझ्या घरावर तर स्लॅब आहे."

दोन्ही प्रश्न खरे आहेत. पर्यावरणपूरक घराच्या गोष्टी करणाऱ्या आम्हा लोकांना हे प्रश्न विचारलेच पाहिजेत.

माझ्या घरापासूनच सुरुवात करतो. २०११ साली मी वडिलांचं कौलारू घर उतरवलं आणि स्लॅबचं बांधलं. आखातात कमावणाऱ्याने गावी स्लॅब टाकला की तो मार्गी लागला, अशी आमच्याकडची समजूत. पाचव्या पावसाळ्यात छत गळायला लागलं. वॉटरप्रूफिंग केलं, पुन्हा गळलं. शेवटी स्लॅबवर लोखंडी खांब उभे करून पत्र्याची शेड मारली. रत्नागिरी जिल्ह्यात कुठेही फिरा, अशी स्लॅबवर पत्रा घातलेली घरं पावलोपावली दिसतील. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडणाऱ्या मुलखात सपाट छप्पर घालायचं आणि मग त्याला पावसापासून वाचवायला दुसरं छप्पर घालायचं. खर्च दोनदा.

व्हरांड्याच्या बीमची गोष्ट तर जास्त जिव्हारी लागणारी आहे. खालच्या बाजूने काँक्रीटचे पापुद्रे सुटलेत आणि आतली सळी गंजून फुगलेली दिसते. रेती खाडीची होती, न धुता वापरलेली. रेतीतलं मीठ सळी खातं, गंज जागा मागतो आणि काँक्रीट फुटतं. इथे मस्कतला साइटवर रेतीच्या क्षारांचा रिपोर्ट हातात आल्याशिवाय मी काँक्रीट ओतू देत नाही. माझ्याच घराच्या वेळी मी तो मागितला नव्हता.

माझ्याकडे शेड मारायला पैसे होते. काकीकडे नाहीत. ग्रामीण घरकुलाचं मूळ अनुदान सपाट भागात १ लाख २० हजार आणि डोंगराळ भागात १ लाख ३० हजार रुपये, घर किमान २५ चौरस मीटरचं, स्वयंपाकाच्या जागेसकट. रोजगार हमीची मजुरी वेगळी मिळते. एवढ्यात स्लॅब घालायचा म्हणजे दागिने मोडा नाहीतर कर्ज काढा. बरं, स्लॅब घाला असं योजना कुठे म्हणते? नीट सांभाळ केला तर किमान तीस वर्षं टिकेल ते पक्कं घर, एवढीच तिची अपेक्षा आहे. पक्कं म्हणजे स्लॅब हे आपण ठरवलं, आणि आखाती पैशाच्या बंगल्यांनी ते पक्कं केलं.

मस्कतपासून दोनेक तासांवर निझवा आणि बहला ही ओमानमधली जुनी गावं. बहलाचा किल्ला आणि गावकूस मातीचं, १९८७ पासून जागतिक वारसा यादीत. पुढच्याच वर्षी तो धोक्यातल्या वारशांत गेला आणि दुरुस्ती करून २००४ साली त्यातून बाहेर आला. तिथल्या डोंगरातल्या मिस्फातसारख्या गावांत लोकांनी मातीची घरं सोडली आणि खाली सिमेंट-ब्लॉकची बांधली. आता त्या जुन्या घरांची पाहुणघरं झालीत, परदेशी माणसं पैसे मोजून त्यात झोपतात. मी एका दुपारी आत गेलो होतो. बाहेर अंगाची लाही होत होती आणि आतल्या भिंतीला हात लावला तर गार. ब्लॉकच्या खोलीत आमचं एसी दहा मिनिटं बंद पडलं तरी बसवत नाही. पण इथे एसी परवडतो. काकीच्या घरात मे महिन्याच्या दुपारी तिचा एक पंखा असेल आणि वर तापलेला स्लॅब.

तरीही तिला मातीच्या भिंती बांध असं मी म्हणणार नाही. जन्मभर कुडाच्या घरात दर वर्षी सारवण करणाऱ्या बाईला मातीचं कौतुक सांगणं बरं नव्हे. चिराही डोळे झाकून हिरवा मानू नये. त्याला सिमेंटसारखी भट्टी लागत नाही हे खरं, आणि जगाच्या कार्बन उत्सर्जनात एकट्या सिमेंटचा वाटा सुमारे आठ टक्के आहे. पण चिरेखाणी सडे, म्हणजे माथ्यावरची कातळाची पठारं, पोखरतायत. त्याच सड्यांवर पावसाळी फुलं येतात आणि त्यांच्याच कातळावर ती कातळशिल्पं आहेत, जी २०२२ साली युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली. चिरा जपून वापरायचा. गिलावा न करता नुसते दर्जे, म्हणजे चिऱ्यांमधले सांधे, भरले आणि वळचण दीड-दोन हात पुढे काढली, तर भिंत भिजत नाही आणि सिमेंटची बरीच पोती वाचतात.

आता वांदर. हा चेष्टेचा विषय नाही, कौलारू घरं त्यांनीच संपवत आणलीत. फुटलेलं कौल बदलायला आणि पावसाआधी छप्पर परतायला वाडीत माणूस हवा, आणि तरुण तर सगळे मुंबईत. त्यात ३ जून २०२० चं निसर्ग वादळ. श्रीवर्धन, मंडणगड, दापोलीत कौलं उडाली, पत्रे उडाले, स्लॅब राहिले. हे पाहिलेल्या माणसाला कौलांचा आग्रह कुठल्या तोंडाने करायचा?

वाट केरळात सापडते. तिथेही हाच जांभा, हाच पाऊस. स्वस्त घरं बांधणारे वास्तुविशारद लॉरी बेकर आणि १९८५ साली उभी राहिलेली कॉस्टफोर्ड संस्था यांनी गरिबांसाठी असंख्य घरं बांधली आणि त्यात एक साधी युक्ती वापरली. स्लॅबच्या खालच्या भागातलं काँक्रीट भार घेत नाही, तिथे ताण सळीवर असतो. मग सळ्यांच्या चौकटीत जुनी मंगळुरी कौलं जोडीने ठेवायची आणि वर काँक्रीट ओतायचं. काँक्रीट कमी लागतं, कौलांमधल्या पोकळीने उष्णता अडते, आणि वांदर कितीही नाचले तरी काही फुटत नाही. हाच स्लॅब उतरता घातला की पाणीही साचत नाही. मी सिमेंटच्या विरोधात नाही. भिंतीवर चहूबाजूंनी काँक्रीटचा एक बेल्ट, त्यातून वर आलेल्या सळ्या, आणि त्यांत गुंतलेलं छप्पर, एवढ्यापुरतं सिमेंट हवंच. वादळात घर तेच धरून ठेवतं.

अडतं ते गवंड्यापाशी. तालुक्यात असा स्लॅब घातलेला एकही गवंडी माझ्या ओळखीत नाही. घरकुल योजनेत ग्रामीण गवंड्यांसाठी ४५ दिवसांचं प्रशिक्षण आहे. ते उतरता कौल-स्लॅब, दर्ज्यांचं काम आणि बांबू यांवर व्हावं. कुडाळला बांबूचं काम वीसेक वर्षं चाललंय, माणगा जातीचा बांबू आपल्याच बांधावर उगवतो, प्रक्रिया केली तर टिकतो. आणि पहिला नमुना गरिबाच्या जागेवर नको. अंगणवाडी अशी बांधा, ग्रामपंचायतीचं कार्यालय बांधा, तलाठी बसतात ती खोली बांधा. आम्हा बाहेरच्यांचे बंगले असे बांधा. सरपंच ज्या छपराखाली बसतो ते छप्पर दुसऱ्या दिवशी गावाला पक्कं वाटू लागतं. काकीच्या मुलाच्या प्रश्नाला माझ्याकडे हेच एक उत्तर आहे.

वडिलांच्या घराची उतरवलेली कौलं अजून परसात फणसाखाली रचून ठेवली आहेत, २०११ पासून. काकीला ती हवी असतील तर तिची. चिपळूणच्या एका इंजिनिअर मित्राने सळ्यांचं ड्रॉइंग करून द्यायचं कबूल केलंय, आणि मे महिन्याच्या सुट्टीत ओतकामाच्या दिवशी मी तिथे उभा असेन. रेती धुतलेली असेल. सध्या भाच्याला सांगितलंय, शेवाळ काढ आणि धड कौलं किती निघतात ते मोज.