टेस्टोस्टेरॉनच्या इंजेक्शनबद्दल फिरणाऱ्या मेसेजमधल्या चुका

‘चाळिशीनंतर प्रत्येक पुरुषाला टेस्टोस्टेरॉन कमी पडतं, थकवा त्याचाच. दोन-तीन आठवड्यांनी एक इंजेक्शन घ्या. शरीरातलंच हार्मोन, त्यामुळे अपाय नाही, हृदयालाही सुरक्षित ठरलंय, आणि वीर्यही सुधारतं.’ हा मेसेज खूप फिरतोय. त्यातला शेवटचा दावा सगळ्यांत घातक, म्हणून आधी तोच घेतो.

बाहेरून टेस्टोस्टेरॉन मिळू लागलं की मेंदूच्या तळाशी असलेली पिट्यूटरी ग्रंथी एलएच आणि एफएसएच, म्हणजे वृषणांना कामाला लावणारी दोन हार्मोन्स, सोडणं जवळपास थांबवते. शुक्राणू तयार व्हायला वृषणाच्या आत बनणारं टेस्टोस्टेरॉन लागतं, आणि नेमकं तेच आटतं. मग रक्ताच्या रिपोर्टमध्ये आकडा झकास आणि वीर्यतपासणीत शुक्राणू शून्य, असं होऊ शकतं. जागतिक आरोग्य संघटनेने आठवड्याला 200 मिलिग्रॅम टेस्टोस्टेरॉन एनन्थेट (इंजेक्शनने द्यायचं टेस्टोस्टेरॉन) देऊन केलेली चाचणी 1990 साली प्रसिद्ध झाली. ती कशासाठी होती? पुरुषांच्या गर्भनिरोधनासाठी! औषध थांबवल्यावर शुक्राणू बहुधा परततात, पण त्यात महिने जातात, कधी वर्षाहून जास्त. मूल हवं असेल तर डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगा. एचसीजीसारखे (एलएचसारखं काम करणारं हार्मोन) वेगळे उपचार आहेत.

‘प्रत्येकाला कमी पडतं’ हेही खोटं. वयानुसार पातळी हळूहळू उतरते, पण तेवढ्याने आजार ठरत नाही. लक्षणं असावी लागतात आणि दोन वेगवेगळ्या दिवशी सकाळी केलेल्या तपासण्यांत पातळी कमी यावी लागते. थकव्यामागे झोपेत श्वास अडखळणं, थायरॉइड किंवा नैराश्यही असतं. क्लाइनफेल्टर सिंड्रोम (पुरुषात जन्मतःच एक जादा X गुणसूत्र असणं) किंवा पिट्यूटरीच्या आजारामुळे हार्मोन खरोखरच बनत नसेल, तर मात्र हे औषध हवंच. अशा रुग्णांनी असल्या वादामुळे बिचकू नये.

अपायांचं म्हणाल तर रक्त दाट होतं. हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातलं तांबड्या पेशींचं प्रमाण, 54 टक्क्यांच्या वर गेलं की उपचार थांबवून ते खाली आणावं लागतं. त्वचेवर लावायच्या जेलपेक्षा दोन-तीन आठवड्यांनी घ्यायच्या इंजेक्शनांत हे जास्त दिसतं, कारण सुईनंतर पातळी एकदम चढते.

हृदयाचा दावा 2023च्या ट्रॅव्हर्स नावाच्या, टेस्टोस्टेरॉनचा हृदयावरचा परिणाम पाहणाऱ्या चाचणीवरून उचललेला दिसतो. तिच्यात हार्ट अटॅक आणि पक्षाघात वाढले नाहीत, हे खरं. पण हृदयाचे अनियमित ठोके आणि फुप्फुसात रक्ताची गुठळी अडकणं औषध घेणाऱ्यांत जास्त आढळलं. शिवाय तिथे जेल वापरलं होतं, आणि सहभागी होते 45 ते 80 वयाचे, लक्षणं असलेले, तपासणीत पातळी कमी आलेले पुरुष. तपासणी न करताच सुई टोचून घेणाऱ्या तिशीतल्या माणसाबद्दल ती चाचणी काहीच सांगत नाही.