मेव्हणीची वही

चवथीला गोव्यात घरी फोन लावला की आधी माटोळी (गणपतीवर टांगलेली फळा-पानांची आरास) दाखवतात, मग आरती ऐकवतात आणि मग फोन काकांच्या हातात जातो. यंदा वाड्यावरच्या कुणाचा तरी गाडीचा हप्ता थकला होता, तेवढं निमित्त पुरलं. "तू बघ, गोदामात राबून पै-पै साठवलीस. इथल्या पोरांना पगाराआधी मोबाईल लागतो. हात आखडता ठेवला तर कुणावर वेळ येत नाही." काकांना जुनी सरकारी पेन्शन आहे. सणाचा दिवस होता, मी गप्प बसलो.

काटकसर मी करतो, नाही कशाला म्हणू? इंग्लंडात स्विंडनला आलो तेव्हा एका घरात आम्ही सहाजण होतो. रात्री दुकान बंद व्हायच्या सुमाराला पिवळी चिठ्ठी लावलेला स्वस्त पाव आणायचा, सकाळी त्याचाच डबा. पण मी इथे पोचलो तो पाव खाऊन नव्हे. वडील 1961 च्या आधी जन्मले आणि त्यांचा जन्म पोर्तुगीज दफ्तरात नोंदलेला सापडला, म्हणून. त्या एका कागदावर पोर्तुगालचा पासपोर्ट मिळाला आणि ब्रेक्झिटच्या आधी इंग्लंडात कामाला लागता आलं. (भारतीय पासपोर्ट परत केला त्या दिवशी आई जेवली नाही.) आमच्या शेजाऱ्याच्या वडिलांची नोंद सापडलीच नाही. त्याने डिचोलीत खनिज वाहायला कर्ज काढून ट्रक घेतला. 2012 च्या सप्टेंबरात खाणी बंद झाल्या. पिग्मीत रोज टाकलेले पैसे हप्त्यांत गेले, मग ट्रकही गेला. 2018 च्या मार्चमध्ये खाणी पुन्हा थांबल्या, तेव्हा विकायला त्याच्याकडे काही उरलं नव्हतं. माझ्यापेक्षा तो जपून खर्च करायचा, हे मी खात्रीने सांगतो.

खरं उदाहरण मात्र घरातच आहे. माझी बायको आणि तिची धाकटी बहीण एकाच आईच्या हाताखाली वाढल्या. चहाची पावडर दोनदा उकळायची, साडीचा पदर विरला की त्याची पिशवी शिवायची. 2020 मध्ये दोघीही हॉटेलात कामाला होत्या, बायको इथे, बहीण कळंगुटला. मार्चमध्ये दोन्ही हॉटेलं बंद. इथे सरकारच्या योजनेतून बायकोच्या खात्यात पगाराचे 80 टक्के येत राहिले. कमाल मर्यादा महिना अडीच हजार पौंड होती, आमचा पगार तिच्या आसपासही नव्हता, पण घरभाडं भागलं. तिकडे बहिणीला मालकाने "कळवतो" म्हणून घरी पाठवलं. त्याने कळवलं ते पुढच्या हंगामात, तेही कमी पगारावर. तोवर तिच्या बांगड्या पतपेढीत पोचल्या होत्या.

दोघींनी साठवलं सारखंच. एकीची पुंजी शिल्लक राहिली, कारण तिला हात लावायची पाळी आली नाही. काका बचतीला पुण्य मानतात, पण भर पावसात छप्पर कुणाच्या डोक्यावर होतं हे ते विचारत नाहीत. इथेही तेच आहे. 2022 च्या ऑक्टोबरात महागाई 11.1 टक्क्यांवर गेली. वरच्या मजल्यावरची बाई कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊन आधी पैसे भरले तरच वीज देणाऱ्या मीटरच्या चावीत पाच-पाच पौंड भरायची. बँकेतून बिल भरणाऱ्या आमच्यापेक्षा तिची वीज तेव्हा महाग पडायची. हा फरक 2023 च्या जुलैत गेला. तोवर तिला काटकसर कोण शिकवणार होतं? ती तर दुपारी हीटरच लावत नव्हती.

बांगड्या सोडवायला बायकोने पैसे पाठवले. मेव्हणी ते दर महिन्याला हजार-हजार करून आईकडे परत देते आणि तारखेसकट वहीत मांडते. नको म्हटलं तर रागावते. गेल्या खेपेला मी ती वही पाहिली. डावीकडे फेड, उजवीकडे खर्च, आणि खर्चाच्या बाजूला एका ओळीत: मोबाईल, जुना, 2500. काकांना तो मोबाईल ठाऊक आहे. वही त्यांनी पाहिलेली नाही.