‘कमी मार्कांवाल्यांची सोय’ म्हणणाऱ्या मेसेजला एका शिल्प निदेशकाचं उत्तर

दहावीचा निकाल लागला की आमच्या भावकीच्या ग्रुपवर एक मेसेज दरवर्षी येतो. यंदा तो मला चार ठिकाणांहून आला. त्यातल्या एकानं खाली लिहिलं होतं, ‘दादा, हे खरं आहे का? आमच्या बारक्याचा आयटीआयचा फॉर्म भरायचाय.’ त्या एका ओळीसाठी हे सविस्तर लिहितोय.

मेसेज लांबलचक आहे, पण मुद्दे पाचच. आयटीआय आणि पॉलिटेक्निक म्हणजे कमी मार्कांवाल्यांची सोय. डिझाइन म्हणजे चित्रं काढणं, ते पैसेवाल्यांच्या लेकरांचं काम. या वाटेला लागलं की पुढचं शिक्षण संपलं. रोबोट आल्यामुळं हातकामाला आता भवितव्य नाही. आणि मराठवाड्यात कारखानेच नाहीत, त्यात मुलींनी तर इकडं बघूही नये. शेवटी सल्ला असा, की रान विका, कर्ज काढा, पण लेकराला दोन वर्षं क्लासला घाला.

मी मूळचा परतूर तालुक्यातला. आयटीआयला जोडारी ट्रेड, म्हणजे त्या कामाचा अभ्यासक्रम केला. आयटीआयच्या पाटीवर फिटरला जोडारीच लिहितात आणि मला तो शब्द आवडतो. मग अप्रेंटिसशिप, मग डिप्लोमा, नंतर संभाजीनगरला टूलरूममध्ये, म्हणजे कारखान्यांचे साचे आणि अवजारं बनतात तिथं नोकरी, आणि आता शिल्प निदेशक, म्हणजे आयटीआयमध्ये हातकाम शिकवणारा शिक्षक आहे. त्यामुळं यातल्या बऱ्याच गोष्टी मी दोन्ही बाजूंनी पाहिल्यात.

पहिला मुद्दा, कमी मार्कांवाल्यांची सोय. प्रवेशाला मार्क कमी लागतात, हे बऱ्याच ट्रेडच्या बाबतीत खरं आहे. पण प्रवेश सोपा आहे म्हणून काम सोपं आहे असं होत नाही. पहिल्या महिन्यात मी मुलाच्या हातात माइल्ड स्टीलचा एक तुकडा देतो. तो व्हाइसमध्ये, म्हणजे टेबलावरच्या शिकंज्यात आवळायचा आणि कानस चालवायची, एवढंच सांगतो. तीन दिवसांत तळहाताला फोड येतात. मुलाला वाटतं, कानस मारत राहिलं की पृष्ठभाग सपाट होईल. होत नाही. कानस पुढं जाते तसा डाव्या हाताचा दाब कमी करत न्यावा लागतो आणि उजव्याचा वाढवत. दोन्ही हात सारखेच दाबले तर कानस डोलते, जॉब, म्हणजे तो तुकडा, मधे फुगतो आणि कडा उतरतात. मग गुण्या, म्हणजे काटकोनाची पट्टी लावून जॉब खिडकीकडं धरायचा. फटीतून उजेड दिसला की परत व्हाइस. उजेड दिसेनासा व्हायला काही मुलांना आठवडा लागतो, काहींना महिना.

पुढं दोन तुकडे एकमेकांत बसवायचे असतात. एकाला खाच, दुसऱ्याला तशीच जीभ. चुकीला सूट किती, तर ०.०४ मिलिमीटर. माणसाच्या डोक्याचा केस ०.०७ मिलिमीटरच्या आसपास असतो. म्हणजे केसाच्या जाडीपेक्षाही कमी चूक चालते, आणि ती सोळा-सतरा वर्षांच्या पोरानं हातातल्या कानशीनं सांभाळायची.

गणित येत नाही म्हणून ही मुलं इकडं येतात, असंही मेसेजात आहे. कातारी ट्रेडच्या मुलाला, म्हणजे टर्नरला, लेथ, म्हणजे धातू फिरवून कातायचं यंत्र, चालू करण्याआधी काय करावं लागतं ते बघा. ५० मिलिमीटर व्यासाचा स्टीलचा गज आहे, हायस्पीड स्टीलचं टूल आहे, कापण्याचा वेग मिनिटाला ३० मीटर ठेवायचा आहे. तर गज मिनिटाला किती फेरे फिरवायचा? १०००ला ३०नं गुणायचं, मग ३.१४ आणि ५०च्या गुणाकारानं भागायचं. उत्तर १९१ येतं. पण लेथच्या गिअरमध्ये १९१ नसतोच, मग त्याच्या खालचा जवळचा वेग निवडायचा. दहावीला गणितात काठावर पास झालेली माझी मुलं हे तोंडी सांगतात. पुस्तकातल्या चुकीला लाल पेनाची रेघ मिळते, इथल्या चुकीला टूल निळं पडून जळतं आणि धूर निघतो. ते डोळ्यांनी पाहिलं की सूत्र विसरायला होत नाही.

दुसरा मुद्दा डिझाइनचा. यावर मी जास्त बोलणार आहे, कारण आपल्याकडं या विषयाची सगळ्यात कमी माहिती आहे.

माझी आई खुरपायला जायची. तिच्या उजव्या तळव्याला अंगठ्याच्या मुळाशी कायमचा घट्टा होता. आम्हाला वाटायचं, खुरपणाऱ्या बाईच्या हाताला घट्टा असणारच. डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षी एका सरांनी घरातलं कुठलंही अवजार मोजून त्याचं ड्रॉइंग काढायला सांगितलं. मी खुरपं नेलं. मूठ मोजली तर जेमतेम २२ मिलिमीटर जाडीची, आणि पात्याचं शेपूट मुठीच्या मागून किंचित बाहेर आलेलं. बरोबर घट्ट्याच्या जागी. सरांनी सांगितलं, की हाताची पकड नीट बसायला मूठ साधारण ३० ते ४० मिलिमीटर जाड लागते. बारीक मुठीला बोटं जास्त आवळावी लागतात आणि सगळा जोर एका जागी येतो. मी बाभळीची नवी मूठ कातून बसवली आणि शेपूट आत दाबून घेतलं. लाकडाचा खर्च काहीच नव्हता. आईनं ते खुरपं नंतर कुणाला हात लावू दिला नाही.

डिझाइन म्हणजे हे. वस्तू कोण वापरणार, कुठं धरणार, किती वेळ धरणार, कशाची करायची, कितीला पडणार, तुटली तर कोण दुरुस्त करणार, या प्रश्नांची उत्तरं आधी शोधायची आणि आकार नंतर ठरवायचा. चित्र काढता आलं तर उत्तमच, कारण ते प्रश्न कागदावर मांडायला चित्रासारखं साधन नाही.

हे परदेशी खूळ आहे असं वाटत असेल तर एक गोष्ट सांगतो. १९५८ साली भारत सरकारच्या बोलावण्यावरून चार्ल्स आणि रे ईम्स हे अमेरिकी डिझायनर जोडपं आपल्याकडं फिरलं आणि त्यांनी अहवाल दिला. भारतात पाहिलेल्या वस्तूंमध्ये त्यांनी सगळ्यात जास्त कौतुक केलं ते साध्या लोट्याचं, आपल्या तांब्याचं. भरल्यावर तोल कसा राहतो, कमरेवर कसा बसतो, पाणी ओतताना धार कशी पडते, आतून घासायला हात जातो का, असे प्रश्न त्यांनी त्या एका भांड्याबद्दल मांडले. त्या अहवालानंतर १९६१ साली अहमदाबादला राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली. १९६९ साली मुंबईच्या आयआयटीत औद्योगिक डिझाइनचं केंद्र सुरू झालं. आपल्या घराघरातला तांब्या बघून जे शिक्षण देशात रुजलं, ते आपल्या लेकरांचं नाही असं कुणी म्हणालं की मला फार वाईट वाटतं.

मेसेजातली एक बाजू मान्य करतो. मोठ्या डिझाइन संस्थांची फी लाखांत जाते. यूसीड ही डिझाइनच्या पदवीची प्रवेश परीक्षा बारावीच्या कुठल्याही शाखेच्या मुलाला देता येते, पण पेपर इंग्रजीत असतो आणि खेड्यातल्या मुलाला तिथंच धडकी भरते. हा अडथळा खरा आहे आणि तो हटवायची मागणी आपण मोठ्यानं केली पाहिजे. पण दुसरे रस्तेही आहेत. संभाजीनगरला शासकीय कला महाविद्यालय आहे, तिथं उपयोजित कला शिकता येते. नांदेडला विष्णुपुरीच्या श्री गुरू गोविंदसिंगजी संस्थेत टेक्स्टाइल टेक्नॉलॉजीची पदवी आहे. आपला भाग कापसाचा आहे आणि पैठणीचा आहे. तरी गावात दहा पालकांना विचारलं तर नऊ जणांना या शाखेचं नावही माहीत नसतं. परभणीच्या कृषी विद्यापीठात शेतकरी बायकांचे कष्ट कमी करणाऱ्या अवजारांवर काम झालंय. खुरप्याच्या मुठीचा विषय तिथं अभ्यासाचा आहे.

आणि हो, शाळेतल्या इंटरमिजिएट चित्रकला परीक्षेला नाकं मुरडू नका. तिच्या ‘अ’ श्रेणीचे दहावीला ७ गुण वाढून मिळतात, पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे डोळ्याला प्रमाण कळायला लागतं.

तिसरा मुद्दा, पुढचं शिक्षण संपतं. हे साफ खोटं आहे आणि याचं उत्तर थोडक्यात देता येतं. दहावीनंतर दोन वर्षांचा ट्रेड पूर्ण केला की डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो. डिप्लोमा झाला की इंजिनिअरिंगच्या पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला. मी स्वतः त्यातल्या पहिल्या दारानं आलोय. मात्र वेल्डरसारखा एक वर्षाचा ट्रेड घेतला तर हे दार उघडत नाही, म्हणून फॉर्म भरतानाच ट्रेडचा कालावधी बघून घ्या.

चौथा मुद्दा रोबोटचा. यामागची भीती मी हसण्यावारी नेणार नाही. नांदेडची उस्मानशाही मिल बंद पडली तेव्हा किती घरांच्या चुली अडल्या, हे तिथल्या म्हाताऱ्यांना विचारा. संभाजीनगरात हिमरू विणणारे हातमाग कधी काळी गल्लोगल्ली होते, आता मोजकेच राहिलेत. यंत्र आलं की काहींचं काम जातं, हे आपण पाहिलंय. दिवसभर एकच बटण दाबणाऱ्या ऑपरेटरचं काम उद्याही जाणार.

पण रोबोट वेल्डिंग करतो म्हणजे नेमकं काय करतो? सांगितलेल्या जागी जाऊन टाका मारतो. तो पत्रा त्याच जागी धरून ठेवायला फिक्श्चर लागतं. फिक्श्चर अर्धा मिलिमीटर सरकलं तर रोबोट इमानदारीनं चुकीच्या जागी टाके मारत राहतो. ते फिक्श्चर टूलरूममध्ये माणूस बनवतो आणि बिघडलं की माणूसच दुरुस्त करतो.

पत्रा कापणारी डाय, म्हणजे पोलादी साचा घ्या. वर पंच, म्हणजे दाबून कापणारा भाग, खाली डाय, मधे पत्रा. पंच आणि डाय यांच्यात थोडी फट ठेवावी लागते, साधारण पत्र्याच्या जाडीच्या ५ ते १० टक्के. १ मिलिमीटरच्या पत्र्याला ५ टक्के धरले तर एका बाजूला ०.०५ मिलिमीटर. फट कमी पडली तर पंच लवकर झिजतो, जास्त झाली तर कापलेल्या कडेला बर येते, बोट फिरवलं तर रक्त निघेल अशी. आमच्या टूलरूमचे जुने मिस्त्री नुसतं कापलेल्या तुकड्याची कड बघून सांगायचे, ‘डावीकडून फट वाढलीय.’ नंतर मोजलं की तसंच निघायचं. संभाजीनगरजवळच्या वाळूजला १९८५पासून दुचाक्या बनतात आणि दुचाकीतला पत्र्याचा प्रत्येक भाग अशा कुठल्या तरी डायमधून निघतो. यंत्रं जितकी वाढतील तितकी अशी माणसं लागतील. चिकलठाण्याच्या इंडो-जर्मन टूलरूममध्ये दहावीनंतर टूल अँड डाय मेकिंगचा चार वर्षांचा डिप्लोमा आहे. पालकांनो, एकदा तिथलं वर्कशॉप बघून या.

पाचवा मुद्दा, मराठवाड्यात कारखाने नाहीत. हिंगोली, बीड, धाराशिवच्या पालकानं हे म्हटलं तर मी वाद घालणार नाही. उद्योग सगळा वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा इथं गोळा झालाय, आणि बाकी जिल्ह्यांच्या पोरांना घर सोडावंच लागतं. जालन्याला सळ्यांचे कारखाने आहेत, लातूरला रेल्वे डब्यांचा कारखाना उभा राहिलाय, पण एवढ्यानं आठ जिल्हे भरत नाहीत. नोकरी लागली तरी पहिली काही वर्षं कंत्राटावर जातात, पगार तुटपुंजा असतो. हे मुलाला आधीच सांगा. फक्त एक विचारतो. क्लासला दोन वर्षं घालून ज्याचा नंबर लागला नाही, त्या मुलाला पुण्याच्या खोलीत राहून परत तयारी करावी लागते, तो खर्च या मेसेजात का नाही?

मुलींबद्दल. आयटीआयमध्ये ३० टक्के जागा मुलींसाठी असतात. माझ्या तुकडीत २० जागा, त्यातल्या ६ मुलींच्या, आणि येतात एक किंवा दोन. दोन वर्षांपूर्वी एक मुलगी आली, तिचे वडील ऊसतोड कामगार. पहिल्या दिवशी ती कानस धरायला घाबरली नाही, कारण त्याहून जड कोयता तिनं धरलेला होता. खाच आणि जिभेच्या जॉबला त्या तुकडीत सगळ्यात कमी उजेड तिच्या जॉबमधून दिसला. आज ती मोजमाप खात्यात क्वालिटीला आहे.

मेसेजात एक मुद्दा नाही, जो असायला हवा होता. वाईट संस्था खूप आहेत. मी पहिले सहा महिने एका खासगी संस्थेत काढले. तिथं लेथ होता, पण त्यावर ताडपत्री घातलेली असायची, आणि एकदा मी ती उचलून बघितली तर मोटरला वायरच जोडलेली नव्हती. आमच्याकडून जर्नल लिहून घ्यायचे आणि हजेरी लावायचे. वडिलांनी दोन शेळ्या विकून भरलेली फी त्या ताडपत्रीखाली गेली. पुढच्या वर्षी मी पुन्हा पहिल्यापासून सरकारी संस्थेत बसलो.

म्हणून ज्या भावानं मला विचारलं, त्याला माझं उत्तर असं. फॉर्म जरूर भर. पण त्याआधी सुट्टी नसलेल्या दिवशी, सकाळी अकराच्या सुमारास, बारक्याला घेऊन त्या संस्थेत जा. ऑफिसात बसू नको, थेट वर्कशॉपला जा. यंत्रांचा आवाज येतोय का ते ऐक. लेथच्या बेडवरून बोट फिरव, बोटाला तेल लागतंय का गंज ते बघ. खाली धातूच्या कातरणाच्या चिप्स पडल्यात का बघ. मुलांच्या हातात जॉब आहे का जर्नल, ते बघ. मागच्या वर्षी बाहेर पडलेल्या दोन मुलांचे नंबर माग आणि त्यांना तिथूनच फोन लाव.