तो खांब विजेचा नाही, मोबाइलच्या कॅमेऱ्याचा आहे

रविवारी संध्याकाळी मावशीचा फोन लागेना. ती कळव्यात एकटी राहते, बाहेर परतीचा पाऊस कोसळत होता, शेवटी भिजत तिच्या घरी पोचलो. मोबाइल बंद करून तिने स्टीलच्या डब्यात ठेवला होता. कारण सोसायटीच्या ग्रुपवर आलेला तो व्हिडिओ. घोडबंदर रोडवरची बाल्कनी, तिन्हीसांजेचं ढगाळ आभाळ, एकदम लख्ख उजेड आणि कठड्यापाशी वरपासून खालपर्यंत पांढरा खांब. खाली मजकूर: वीज दहा फुटांवर पडली, शूटिंग करणाऱ्याच्या मोबाइलने तिला ओढलं, शेजारी विजेचा हिरवा गोळा दिसतो, पाऊस आला की मोबाइल बंद करा, वीज जवळ येणार नाही.

व्हिडिओ थांबवून एकेक फ्रेम बघा. खांबाच्या दोन्ही कडा फूटपट्टीने आखल्यासारख्या सरळ आहेत. दोरीवरची चादर एका रेषेपर्यंत पांढरीफटक, त्या रेषेपलीकडे नेहमीसारखी. विजेला फाटे असतात, वळणं असतात; अशी कातरलेली कड नसते. पुढच्याच फ्रेममध्ये खांब गायब आणि चादर जागच्या जागी. दहा फुटांवर वीज पडली असती तर?

मोबाइलचा कॅमेरा अख्खं चित्र एका क्षणात टिपत नाही, ओळीमागून ओळ वाचत जातो. एका फ्रेमला साधारण दहा ते तीस मिलिसेकंद लागतात. विजेचा एखादा झोत त्याहून कितीतरी आधी संपतो. त्या क्षणी ज्या ओळी प्रकाश घेत असतात तेवढ्याच उजळतात, बाकीच्या तशाच राहतात. फोन उभा धरला की या ओळी उभ्या असतात, म्हणून पट्टाही उभा येतो आणि खांब वाटतो. मावशीला हे पटेना. मग तिच्या कपाटातल्या जुन्या डिजिटल कॅमेऱ्यात सेल घातले. ती फ्लॅश मारत राहिली, मी मोबाइलवर व्हिडिओ घेतला. काही वेळा अर्धं चित्र उजळलं, आणि एकदा कपाटाच्या दारावर अगदी तसाच खांब उभा राहिला. मोबाइल आडवा धरला तर खांबही आडवा झाला.

आवाजही ऐका. उजेड आणि कडकडाट यांच्यामध्ये सहा सेकंद आहेत. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, म्हणजे वीज दोन किलोमीटर लांब होती. हिरवा गोळा हे रस्त्यावरच्या दिव्याचं लेन्समधलं प्रतिबिंब आहे. फोन हलला की तोही सरकतो.

एक गोष्ट मान्य करावी लागते: दोन किलोमीटर म्हणजे सुरक्षित नव्हे, पुढची वीज जवळ पडू शकते. बाल्कनीत उभं राहून शूटिंग करूच नये. चार्जिंगला लावलेला मोबाइल आणि वायरचा फोनही तेव्हा वापरू नये, कारण धोका वायरीतून येतो.

पण मोबाइल वीज ओढतो हे साफ खोटं आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय हवामान सेवेने हे स्पष्ट सांगितलं आहे. वीज कुठे पडेल हे एखादी वस्तू किती उंच, किती टोकदार आणि किती एकटी उभी आहे यावर ठरतं. मला संताप येतो तो इथे. फोन बंद केला म्हणजे आपण वाचलो असं समजून माणूस झाडाखाली जाऊन उभा राहील. २०२२ मध्ये देशात विजेने २,८८७ माणसं गेली, ही राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाची आकडेवारी आहे. आणि पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं 'दामिनी' ॲप आसपासच्या विजेचा इशारा देतं ते याच मोबाइलवर. तो बंद करायला सांगायचं?

मावशीचा फोन मी सुरू करून दिला, त्यात दामिनी टाकलं. तिच्याच मजल्यावरच्या दोन आजींचे फोन अजून बंद आहेत. ज्याने तो व्हिडिओ ग्रुपवर टाकला, त्याने आज त्यांचं दार वाजवून खरं काय ते सांगावं.